चौकट कोसळली की मिटली? लवचिक एमओएफ आणि त्यांतले पाहुणे रेणू

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का तेही दिसेल. तुम्ही अ‍ॅल्युमिनियमचा मिल-५३ केलात, म्हणजे एक एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंचे दांडे जोडून केलेली सच्छिद्र स्फटिकी चौकट): अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट, टेरेफ्थॅलिक आम्ल आणि पाणी, ऑटोक्लेव्हमध्ये २२० अंश, तीन दिवस. डीएमएफ या द्रावकाने एकदा धुतलात आणि रात्रभर १५० अंशांवर व्हॅक्यूमखाली ठेवलात. नायट्रोजन किती शोषला गेला त्यावरून बीईटी क्षेत्रफळ (आतल्या पृष्ठभागाचं माप) आलं ग्रॅमला ५६० चौरस मीटर. अपेक्षा होती ११००च्या आसपास. उरलेल्या पावडरीचा एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) काढला तर ओळखीचे पीक सरकलेले आणि शेजारी काही नवे. कार्बन डायऑक्साइडच्या आयसोथर्ममध्ये (एका तापमानाला दाबाप्रमाणे किती वायू शोषला जातो त्या आलेखात) मध्येच एक पायरी, आणि दाब कमी करताना रेघ आल्या वाटेने परत येत नाही. मार्गदर्शक म्हणतात, चौकट कोसळली, टाका आणि पुन्हा करा. तुम्हाला विचारायचंय की खरंच कोसळली का, आणि एखादा स्फटिक न मोडता इतका हलतो तरी कसा.

टाकू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं मत असं आहे की तुमच्या सॅम्पलमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक म्हणजे खरी त्रुटी, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. दुसरी त्रुटी नाहीच, तो या पदार्थाचा स्वभाव आहे. दोन्हींचे परिणाम एकाच वेळी दिसल्यामुळे सगळं बिघडल्यासारखं वाटतंय.

मुळात 'माझं सॅम्पल चांगलं की वाईट' हा प्रश्न झिओलाइटला (ताठ सांगाड्याच्या सच्छिद्र खनिजाला) विचारावा तसा लवचिक एमओएफला विचारता येत नाही. झिओलाइटची भोकं भरा किंवा रिकामी करा, सांगाडा जवळजवळ तसाच राहतो. इथे सांगाड्याचा आकारच आत कोण आहे यावर ठरतो. त्यामुळे एक्सआरडीचा पॅटर्न हा नुसत्या पदार्थाचा नसतो. पदार्थ, आतला पाहुणा रेणू (भोकांत शिरलेलं पाणी, वायू किंवा द्रावक), तापमान, दाब आणि आधी काय काय घडून गेलं, या सगळ्यांचा मिळून तो एक पॅटर्न असतो. तुम्ही बीईटी व्हॅक्यूममध्ये सुकवलेल्या पावडरीवर मोजलंत आणि एक्सआरडी उघड्या हवेत ठेवलेल्या पावडरीवर. दोन्ही वेळा बाटली एकच असली तरी आतली वस्तू एक नव्हती.

आता हलतं काय ते बघू. मिल-५३मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या अष्टफलकांच्या लांब साखळ्या असतात. शेजारशेजारचे दोन धातू अणू एका हायड्रॉक्सिल गटाने जोडलेले असतात. टेरेफ्थॅलेटचे दांडे प्रत्येक साखळीला भोवतालच्या चार साखळ्यांशी बांधतात. साखळीच्या दिशेने बघितलं तर समभुज चौकोनांची जाळी दिसते आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक लांब बोगदा. दुकानाला असतं ते पट्ट्यांचं घडीचं जाळीदार दार डोळ्यांसमोर आणा. दार सरकवलं की पट्ट्या तुटत नाहीत, वाकतही नाहीत, फक्त त्यांच्यातला कोन बदलतो. इथे बिजागरी म्हणजे कार्बोक्सिलेटचे दोन ऑक्सिजन जिथे धातूला धरतात ती जागा.

आकडे बघितले की हे अंगावर येतं. उघड्या रूपात चौकोनाचे दोन कर्ण साधारण १६.७ आणि १२.८ अँगस्ट्रॉम. पाणी घेऊन मिटलेल्या रूपात मोठा कर्ण १९च्या आसपास जातो आणि लहान कर्ण ७.६वर येतो. एकक कोशिकेचं घनफळ १४१२ घन अँगस्ट्रॉमवरून ९४७वर उतरतं, म्हणजे एक तृतीयांश घनफळ गेलं. पण साखळीच्या दिशेची लांबी ६.६ होती, ती ६.६च राहते. चौकोनाची बाजू दोन्ही रूपांत दहा-साडेदहा अँगस्ट्रॉमच भरते. एकही बंध तुटलेला नाही, दांडा आखूड झालेला नाही. कोसळणं वेगळं आणि मिटणं वेगळं ते असं.

तुमच्या पीकचं सरकणं याच भूमितीत बसतं. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर उघड्या रूपाचा पहिला मोठा पीक ८.७ अंशांच्या आसपास येतो. मिटलेल्या, पाणी प्यायलेल्या रूपाचे पहिले दोन साधारण ९.४ आणि १२.५ अंशांवर. तुम्ही 'नवा' म्हणून बाण दाखवलाय तो १२.५चा आहे. तो मोडतोडीचा पुरावा नाही. तुमच्या सॅम्पलने हवेतलं पाणी घेतलं आणि ते मिटलं, एवढंच तो सांगतो. बोगद्याच्या भिंतीवरचे हायड्रॉक्सिल आणि कार्बोक्सिलेटचे ऑक्सिजन यांच्याशी पाण्याचे रेणू हायड्रोजन बंध करतात आणि दोन्ही भिंती जवळ ओढतात.

हे मी एकदा डोळ्यांनी बघितलंय, म्हणून इतक्या ठामपणे लिहितोय. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एकाच बाटलीतल्या पावडरीचे दोन पॅटर्न दोन जणांनी काढले आणि ते जुळेनात. बाटल्यांची लेबलं बदलली असणार असं धरून आम्ही आठवडाभर जुन्या नोंदी उपसल्या. शेवटी पावडर गरम करता येणाऱ्या स्टेजवर घातली, कोरड्या नायट्रोजनमध्ये १५० अंशांवर नेली, थंड केली आणि नायट्रोजन बंद करून झाकण उघडलं. दर दोन मिनिटांनी ८ ते १३ अंशांचा छोटा स्कॅन लावला होता. पहिल्या स्कॅनमध्ये ८.७चा पीक एकटा उभा होता. मग तो खाली बसू लागला आणि ९.४ व १२.५चे पीक त्याच जोडीने वर येऊ लागले. मधल्या कुठल्याही कोनावर काहीच नाही. स्फटिक हळूहळू आक्रसत नव्हते. एकेक स्फटिक एका रूपातून दुसऱ्यात उडी मारत होता आणि आम्ही त्यांची मोजदाद बघत होतो. एकाने पावडर भट्टीतून काढून लगेच मोजली होती, दुसऱ्याने तीन तासांनी, एवढाच सगळा घोळ होता. तेव्हापासून आमच्या वहीत पॅटर्नच्या फाइलच्या नावातच तापमान, वातावरण आणि पावडर बाहेर काढल्यापासूनचा वेळ लिहिलेला असतो.

आता कार्बन डायऑक्साइडची पायरी. हा वर्तनाचा सगळ्यात सुंदर भाग आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. खोलीच्या तापमानाला रिकामा मिल-५३ (अ‍ॅल्युमिनियमचा किंवा क्रोमियमचा) उघड्या रूपात असतो. थोडा कार्बन डायऑक्साइड आत गेला की तो उघडायच्या ऐवजी मिटतो. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. या रेणूला चतुर्ध्रुव (विद्युतभाराची असमान वाटणी) आहे, त्याचं भिंतीवरच्या हायड्रॉक्सिलशी जमतं, आणि अरुंद बोगद्यात त्याला एकाच वेळी दोन्ही भिंतींचा आधार मिळतो. रेणूमागे मिळणारी ऊर्जा अरुंद रूपात जास्त आहे. पण त्या रूपात जागा कमी आहे. दाब वाढत गेला की अशी वेळ येते की प्रत्येक रेणूमागे थोडी कमी ऊर्जा मिळाली तरी चालेल, पण जास्त रेणू मावले पाहिजेत. तिथे चौकट परत उघडते. हीच तुमची पायरी. ३०४ केल्व्हिनला ती साधारण ५-६ बारच्या आसपास येते. दाब उतरवताना उघडी चौकट लगेच मिटत नाही, म्हणून परतीची वाट वेगळी.

यातून तुमच्या शंकेचं एक उत्तर आपोआप मिळतं. कोसळलेली चौकट श्वास घेत नाही, म्हणजे अशी मिटत-उघडत नाही. तुमच्याकडे पायरी आणि लूप (जाण्या-येण्याच्या वेगळ्या रेघा) दोन्ही आहेत, म्हणजे सॅम्पलचा मोठा हिस्सा शाबूत आहे. मी तुमच्या जागी असतो तर मार्गदर्शकांसमोर आधी हाच आलेख ठेवला असता.

इतक्या मोठ्या हालचालीला एवढीशी ऊर्जा कशी पुरते, असं तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारलंय. कारण रिकाम्या चौकटीच्या दोन रूपांमधला मुक्त ऊर्जेचा फरक फार लहान आहे, मोलमागे काही किलोज्यूल. खोलीच्या तापमानाची उष्मीय ऊर्जा मोलमागे सुमारे २.५ किलोज्यूल असते, म्हणजे त्याच पातळीवरची. तराजू जवळजवळ समतोल आहे. पाहुण्या रेणूंचं अधिशोषण (भिंतीला चिकटणं) मोलमागे वीस-तीस किलोज्यूल देत असेल तर तो तराजू कुठल्याही बाजूला झुकवायला चार रेणू पुरतात. तापमानानेही तो झुकतो. थंड केलं की टेरेफ्थॅलेटच्या कड्यांमधलं आपसातलं आकर्षण जिंकतं आणि रिकामी चौकट मिटते. गरम केलं की उघड्या रूपातली जास्त मोकळी कंपनं जिंकतात. अ‍ॅल्युमिनियमच्या मिल-५३वर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की काहीही पाहुणा नसताना, नुसतं थंड करताना तो १२५ ते १५० केल्व्हिनच्या पट्ट्यात मिटतो, आणि परत उघडायला ३२५ ते ३७५ केल्व्हिनपर्यंत गरम करावा लागतो. मध्ये दोनशे अंशांचं अंतर! त्या अंतरात सॅम्पल कुठल्या रूपात आहे हे ते कुठल्या बाजूने तिथे आलं यावर ठरतं. तुमचं नायट्रोजन मापन ७७ केल्व्हिनला होतं हे इथे लक्षात घ्या. व्हॅक्यूममध्ये सावकाश थंड केलेलं सॅम्पल आणि पटकन द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून लगेच वायू सोडलेलं सॅम्पल एकच आकडा देईल असं मी धरून चालत नाही.

'हे परिस्थितीवर अवलंबून आहे' असं कुठे कुठे म्हणावं लागतं तेही सांगतो, कारण एका पदार्थाचा नियम दुसऱ्याला लावून मी अनेकांना फसताना बघितलंय.

धातू बदला, सगळं बदलतं. लोखंडाचा मिल-५३ रिकामा असताना उघडा नसतोच, तो मिटलेला असतो आणि पाहुण्यांनी त्याला टप्प्याटप्प्याने उघडावं लागतं. व्हॅनेडियमचा जुळा भाऊ मिल-४७. त्याच्या साखळीत हायड्रॉक्सिलच्या जागी नुसता ऑक्सिजन आहे, आणि तो कार्बन डायऑक्साइडला दाद न देता उघडाच राहतो. म्हणजे बिजागरी तीच, पण पाहुण्याने धरायची मूठच काढून घेतलेली. पाहुणा बदला, तरी तेच. क्रोमियमच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिल-५३मध्ये खोलीच्या तापमानाला मिथेन सरळ, विनापायरी आयसोथर्म देतो. पण तापमान बरंच खाली नेलं की मिथेनही श्वास घ्यायला लावतो. 'मिल-५३ मिथेनला प्रतिसाद देत नाही' हे वाक्य तापमान लिहिल्याशिवाय खरंही नाही आणि खोटंही नाही.

लवचिकपणाची जातही एक नसते. मिल-५३ श्वास घेतो. मिल-८८ फुगतो: द्रवात टाकला की त्याचं घनफळ पदार्थाप्रमाणे ८५ टक्क्यांपासून २३० टक्क्यांपर्यंत वाढतं, तेही बंध न तोडता. हे काम व्हर्सायच्या लव्हॉझिए संस्थेतल्या जेरार फेरे यांच्या गटाचं, आणि मिल हे नावही त्याच संस्थेवरून आलंय. झिफ-८मध्ये चौकट जागची हलत नाही, फक्त खिडकीवरच्या इमिडाझोलच्या पाती वळतात. कागदावर खिडकी ३.४ अँगस्ट्रॉमची, पण ३.६४चा नायट्रोजन तिच्यातून आत जातो. ईएलएम-११सारखे थरांचे पदार्थ ठरावीक दाबापर्यंत वायूला दाद देत नाहीत आणि मग एकदम दार उघडतात. ड्रेस्डेनचा डीयूटी-४९ तर २०१६ साली सगळ्यांना बुचकळ्यात टाकून गेला: १११ केल्व्हिनला त्यात मिथेन भरत असताना एका दाबाला चौकट आकसते आणि दाब वाढत असूनही आधी घेतलेला वायू बाहेर टाकते. अशी आयसोथर्म माझ्या हाती पहिल्यांदा आली असती तर मी आधी व्हॉल्व्ह गळतोय का ते बघितलं असतं. तिथल्या लोकांनी मापनावर विश्वास ठेवून त्याच वेळी क्ष-किरणांनी चौकट बघितली, म्हणून ते हाती लागलं.

स्फटिकाचा आकार हा आणखी एक घटक, आणि नवख्यांच्या तो ध्यानातच येत नाही. निकेलच्या डीयूटी-८चे मायक्रॉनहून मोठे स्फटिक दार उघडतात-मिटतात. अर्ध्या मायक्रॉनहून लहान स्फटिक रिकामे केले तरी उघडेच राहतात. क्योतोत सुसुमु कितागावा यांच्या गटाने २०१३ साली तांब्याच्या एका चौकटीचे स्फटिक लहान करून दाखवलं की पाहुणा काढल्यावरही ती उघडं रूप 'लक्षात' ठेवते. म्हणून तुमच्या दोन बॅचेसचं वर्तन थोडं वेगळं आलं तर रसायन तपासायच्या आधी एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) स्फटिकांचा आकार बघा.

जाता जाता, हे सगळं अपघाताने हाती लागलेलं नाही. १९९८ सालीच कितागावांनी सच्छिद्र चौकटींच्या पिढ्या सांगितल्या होत्या: पाहुणा काढला की कोसळणाऱ्या, पाहुणा काढला तरी ताठ राहणाऱ्या, आणि पाहुण्याला प्रतिसाद देऊन रूप बदलणाऱ्या. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांच्याबरोबर मिळालं तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद त्या तिसऱ्या पिढीसाठी झाला. मऊपणा हा दोष नाही, गुण आहे, हे फार लवकर ओळखलं गेलं होतं.

तर इथवरचं असं: सरकलेले पीक पाण्यामुळे, पायरी कार्बन डायऑक्साइडमुळे, लूप दोन रूपांमधल्या अडथळ्यामुळे. यातलं काहीच कोसळल्याचं लक्षण नाही. उरलं ते कमी आलेलं क्षेत्रफळ, आणि ती मात्र खरी त्रुटी आहे.

ताज्या मिल-५३च्या बोगद्यांत जास्तीचं टेरेफ्थॅलिक आम्ल अडकून बसलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पदार्थाचं ताजं सूत्रच एका धातूमागे सुमारे ०.७ मोकळ्या आम्लाचं आहे. हे आम्ल १५० अंशांना व्हॅक्यूममध्ये हलत नाही. मूळ कृतीत ते काढायला ३३० अंशांवर हवेत तीन दिवस भाजलं होतं. चौकट सुमारे ५०० अंशांपर्यंत टिकते, तेव्हा घाबरायचं कारण नाही. तुम्ही डीएमएफने एकदा धुतलंत, त्याने थोडं आम्ल निघालं, सगळं नाही. म्हणून तुमच्या पॅटर्नमध्ये पीकच्या दोन जोड्या दिसतात. जे स्फटिक रिकामे झाले ते हवेत पाणी घेऊन मिटले: ९.४ आणि १२.५. ज्यांच्यात आम्ल अजून आहे ते मिटूच शकत नाहीत, आम्ल त्यांना आतून टेकू देऊन उभं ठेवतं: ८.९च्या आसपासचा पीक. क्षेत्रफळ निम्मं आलं कारण बोगद्यांचा बराच भाग भरलेला आहे, आणि वर त्या आम्लाचं वजनही तुम्ही 'ग्रॅमला' म्हणताना सॅम्पलमध्येच धरलंय.

हे तपासायला टीजीए (गरम करत वजनातली घट मोजणं) पुरतो. हवेत हजार अंशांच्या आसपास नेलं की फक्त अ‍ॅल्युमिना उरतो. कोरड्या, रिकाम्या चौकटीचं सूत्रभार २०८.१, त्यातून अ‍ॅल्युमिना ५१.०, म्हणजे शिल्लक २४.५ टक्के. ०.७ आम्ल आत असेल तर १५.७ टक्के. तुमची शिल्लक १९च्या आसपास आली तर निम्मं आम्ल अजून आत आहे. हिशेब करताना १२० अंशांपर्यंतची घट पाण्याची समजून सोडून द्या आणि तिथल्या वजनाला १०० धरा. एरवी एका पाण्यानेच आकडा २२.५वर जातो आणि तुम्ही नसलेलं आम्ल शोधत बसाल. जोडीला इन्फ्रारेड घेतलात तर १७००च्या आसपासचा मोकळ्या आम्लाचा पट्टा बघा. तो संपेपर्यंत काम संपलेलं नाही.

इन्फ्रारेडचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी सांगतो. पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी दाबून त्या गोळीवरून 'चौकट कुठल्या रूपात आहे' असा निष्कर्ष काढू नका. क्रोमियमचा रिकामा मिल-५३ नुसत्या बाहेरच्या दाबाने, सुमारे ५५ मेगापास्कलला मिटतो. गोळी करताना आपण त्याच्या कितीतरी पट दाब देतो. मोकळं आम्ल आहे की नाही एवढं बघायला गोळी चालेल. ज्यांना पुढे पावडरीच्या वड्या किंवा दाणे करून स्तंभात भरायचे असतात त्यांनाही हीच अडचण येते. दाबलेला माल आणि मोकळी पावडर यांच्या आयसोथर्म वेगळ्या मोजाव्या लागतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पावडरीतला थोडा भाग काढून घ्या, हवेत भट्टीत ३३० अंशांवर तीन दिवस ठेवा, तापमान सावकाश चढवा. भाजणं नको असेल तर ताज्या डीएमएफमध्ये दोन-तीनदा गरम धुवा, मग मेथॅनॉलने डीएमएफ काढा आणि मग व्हॅक्यूम. दोन्ही वाटा चालतात. मी स्वतः अ‍ॅल्युमिनियमच्या पदार्थासाठी भाजणंच पसंत करतो, कारण डीएमएफही चिवट पाहुणा आहे आणि एका पाहुण्याला घालवायला दुसरा आणून बसवायचं मला पटत नाही. अमिनो गट असलेल्या लिंकरसाठी (सेंद्रिय दांड्यासाठी) मात्र भाजू नका, लिंकरच जळायला लागेल.

मग त्याच भाजलेल्या पावडरीचे तीन पॅटर्न काढा. पहिला उघड्या हवेत, एक रात्र ठेवून. दुसरा कोरड्या नायट्रोजनमध्ये १५० अंशांवर. तिसरा परत थंड करून, हवेत काही तास ठेवून. गरम स्टेज नसेल तर पावडर काचेच्या केशनळीत भरा, व्हॅक्यूमवर गरम करा आणि ज्योतीने तोंड बंद करून मोजा, तेवढ्याने काम भागतं. पहिला आणि तिसरा सारखे, आणि मधला ८.७वर उघडा आला, तर चौकट निरोगी आहे. गरम करूनही ८.७ येत नसेल, पीक रुंद झाले असतील आणि २० अंशांच्या आसपास बैठी टेकडी दिसत असेल, तर खरंच काहीतरी मोडलंय. तरीही लगेच टाकू नका. चिमूटभर पावडर डीएमएफमध्ये रात्रभर भिजवा आणि ओलीच मोजा. काही चौकटी पाहुणा काढल्यावर मेल्यासारख्या दिसतात आणि द्रावक मिळताच पूर्ववत उभ्या राहतात. भिजवूनही उठली नाही, तेव्हाच मी वहीत 'कोसळली' असं लिहितो.

आयसोथर्मबद्दल माझ्या सवयी सांगतो, यंत्राप्रमाणे फरक करा. पायरीच्या जवळ बिंदू दाट घ्या, आणि प्रत्येक बिंदूला समतोलासाठी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ द्या. चौकट उघडायला वेळ लागतो. यंत्राने घाई केली तर पायरी उजवीकडे सरकते, तिरकी होते, आणि लूप खऱ्याहून रुंद दिसतो. एकाच सॅम्पलवर लागोपाठ तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत पायरीची जागा वेगळी येणं नेहमीचंच आहे, दुसरी आणि तिसरी जुळली पाहिजेत. आणि शक्य असेल तर दोन-तीन तापमानांना मोजा. खरी पायरी तापमान वाढलं की जास्त दाबाकडे सरकते, आणि पायरीच्या दाबाचा लॉगरिदम तापमानाच्या व्यस्ताशी मांडला तर जवळजवळ सरळ रेघ येते. गळतीमुळे किंवा सेन्सरच्या चुकीमुळे आलेली पायरी अशी शिस्तीत सरकत नाही.

बीईटीच्या आकड्याला फार चिकटून राहू नका. बीईटीचं गणित पृष्ठभाग मोजताना जागचा हलत नाही असं धरतं. इथे तोच हलतोय. मी छिद्रांचं घनफळ, पायरीची जागा आणि दोन्ही रूपांतली क्षमता वेगवेगळी देतो. ७७ केल्व्हिनला नायट्रोजन आतच शिरत नसेल तर १९५ केल्व्हिनला, म्हणजे कोरड्या बर्फाच्या तापमानाला, कार्बन डायऑक्साइड वापरून बघा. तो रेणू ३.३ अँगस्ट्रॉमचा, लहान, आणि त्या तापमानाला हालचालीला पुरेसा जोम असतो. नायट्रोजनला भोकच नाही म्हणून सोडून दिलेले कितीतरी लवचिक पदार्थ तिथे जिवंत निघतात.

हे कशाला करायचं, असं कोणी विचारलं तर कोबाल्टच्या एका चौकटीचं उदाहरण द्या. जेफ्री लाँग यांच्या गटाने २०१५ साली कोबाल्ट आणि बेंझीनडायपायराझोलेट यांच्या चौकटीत मिथेन भरला. २५ अंश सेल्सिअसला साधारण १६ बारपर्यंत ती मिटलेली राहते आणि मग उघडते. टाकी रिकामी होत येते तेव्हा ती परत मिटते आणि वायू पिळून बाहेर काढते, त्यामुळे तळाशी न वापरता येणारा वायू फारसा उरत नाही. शिवाय अधिशोषणात सुटणारी बरीचशी उष्णता चौकट उघडण्यातच खर्च होते, टाकी कमी तापते. ताठ चौकटीत हे दोन्ही फायदे एकदम मिळणं अवघड आहे. तुमच्या आलेखातली ती पायरी याच कुळातली आहे.

भाजलेल्या पावडरीचे तीन पॅटर्न आणि टीजीएची शिल्लक आली की इथेच टाका. १२.५चा पीक गरम केल्यावर पूर्ण गेला की थोडा उरला, हे आकड्यासकट लिहा, आणि प्रत्येक पॅटर्नखाली तापमान, वातावरण व पावडर किती वेळ बाहेर होती ते नोंदवा. शिल्लक २४च्या वर असेल आणि १२.५ पूर्ण जात असेल, तर त्याच पावडरीवर नायट्रोजनचं मापन पुन्हा लावा, तेही पावडर १५० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर ठेवून, नळी हवेला न उघडता.